पाव्हणीचं दावं

दादा,

तू गेल्यावर पाव्हणीनं अन्न सोडलं असेल, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा, मग अंगणातल्या तिच्याकडे, आणि म्हणायचा, "मुकं जनावर, त्याला लई कळतंय." मी मान डोलवायचे. पण तुला खरं सांगते, तिनं अन्नबिन्न काही सोडलं नाही. तुला नेलं त्याच संध्याकाळी तिनं दूधभाकरीचा वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि वर शेजारून आमच्यासाठी आलेल्या पिठल्याच्या पातेल्याकडे बघत बसली. अन्न मी सोडलं होतं. तिच्या खाण्याचा आवाज ऐकून मलाही भूक लागली आणि भूक लागल्याची लाज वाटली. तू असतास तर म्हणाला असतास, "कुसे, खाऊन घे. रडायला बी ताकद लागती." मग खाल्लं.

तेरावं झालं. तुझा महेश पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "आत्या, कुत्रीचं काय ते ठरव, आणि मग तुझंही ठरवू." चांगला पोरगा आहे, माझ्या काळजीनंच म्हणाला. पण त्यानं आम्हा दोघींना एकाच वाक्यात बसवलं हे मला जरा लागलं. मला लवकर लागतं, हे तुला माहीत आहे.

आता घरात मी आणि ती. आणि आपलं अर्धवट राहिलेलं भांडण.

पाव्हणी आली ती पाडव्याच्या सुमाराला. ऊसतोड संपवून माजलगावकडून टोळ्या परतत होत्या. धारूरच्या डोंगरातल्या सोजरबाईच्या पोरांना ती रस्त्याच्या कडेला दिसली. हाडांची मोळी झालेली, गळ्यावर पट्टा काढल्याची खूण. कोणीतरी हौसेनं आणलेली आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेली. पोरांनी तिला ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि घरी नेऊन आईच्या पुढ्यात ठेवलं. सोजरबाईनं आठ दिवस सांभाळली. मग कानाला वास यायला लागला, म्हणून पदरात गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन ती केजला आपल्या जनावरांच्या दवाखान्यात आली. तू निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी तिथं जाऊन बसायचास. सरकारी कागदावर तू व्रणोपचारक होतास, म्हणजे जनावरांच्या जखमांची मलमपट्टी करणारा. तो शब्द तालुक्यात एकालाही नीट म्हणता आला नाही, म्हणून सगळे तुला डॉक्टर म्हणत. तू तिच्या कानातले किडे काढलेस आणि सोजरबाईला म्हणालास की रोज धुवावं लागेल, हे तुमच्याच्यानं डोंगरातून होणार नाही. नव्या डॉक्टर मॅडमनी फोटो काढून फोनवर टाकला. स्पॅनियल जातीची मादी, कायमचं घर हवं आहे, तोपर्यंत कोणीतरी सांभाळावी. हे कोणीतरी म्हणजे तू, हे फोटो निघायच्या आधीच ठरलं असणार.

तू तिला घेऊन आलास तेव्हा मी तांदूळ निवडत होते. गल्लीतली पोरं मागून ओरडत होती, "शेळी आणली, शेळी आणली." कान खरंच उस्मानाबादी शेळीसारखे होते, हनुवटीच्या खालपर्यंत. मी म्हटलं, "उंबऱ्याच्या आत नको हं."

तू म्हणालास, "तात्पुरती हाय."

दादा, तो शब्द तू सहज बोललास, पण मी तांदळातून मान वर काढली नाही. बावीस वर्षांपूर्वी मी ट्रंक घेऊन याच दारात उभी होते, नवऱ्याचं वर्षश्राद्ध करून. आपले आबा शेजाऱ्यांना सांगत होते, "तात्पुरती आलीय, बदली झाली की जाईल." माझी शाळा केजलाच होती, बदली कुठली व्हायला. आबा गेले, वहिनी गेली, मी निवृत्त झाले, आणि तो शब्द कोणी मागे घेतला नाही. कोणी परत उच्चारलाही नाही, हेही खरं. तू तर कधीच नाही. पण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की परत आलेल्या बाईनं मागायचं नाही. आपल्या हातानं कमवायचं, आपलं भागवायचं, भाजीत मीठ कमी पडलं तरी डब्याकडे बघायचं नाही. आठवतं, माझ्या खोलीतला पंखा बंद पडला होता आणि मी दोन उन्हाळे ओली चादर अंगावर घेऊन झोपले? तुला कळलं तेव्हा तू इतका चिडलास की वायरमनच्या समोर मला बोललास. "सांगायचं न्हाई व्हय? तोंड हाय का न्हाई तुला?" मी म्हटलं, चालत होतं की. तू शिडी धरून उभा होतास आणि तुझे डोळे भरले होते. मी ते पाहिलं, पण पाहिलं असं तुला कधी कळू दिलं नाही. आज सांगते.

तिचं नाव ठेवायला तू तयार नव्हतास. "नाव घरचं मानूस ठिवल," म्हणायचास, आणि तोवर पाव्हणी. गळ्यात तुझं ते जुनं सुती दावं, आपल्या शेवटच्या कालवडीचं. पट्टा आण म्हटलं तर म्हणालास, पट्टा ज्याची होईल तो आणेल. आपल्याकडे जनावर दुसऱ्याला दिलं तरी दावं देत नाहीत. नेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं, आपलं आपल्या खुंटीला राहतं. कुत्र्यालाही तू तोच नियम लावलास. मी हसले होते.

आणि ती तुझी परीक्षा! माणसं यायची, लातूरहून, अंबाजोगाईहून, बीडहून. गाडीतून उतरायची, "किती क्यूट" म्हणायची. तू त्यांना ना पगार विचारायचास ना बंगला. चहा द्यायचास आणि पाव्हणीपुढे दूधभाकरीचा वाडगा ठेवून गप्प बसायचास. ती खाली वाकली की दोन्ही कान दुधात. कान ओले राहिले की परत आतून चिघळायचे, हे तू त्यांना आधीच सांगितलेलं असायचं. मग तू बघत बसायचास, कोणाचा हात पुढे येतो. लातूरच्या जोडप्यानं कान बुडल्याचा फोटो काढला. बीडचे साहेब फोनवर होते. तू सगळ्यांना हात जोडून सांगायचास, "कळवतो." मी म्हणायचे, "हा काय मुलगी दाखवायचा कार्यक्रम मांडलायस रे? एक दिवस तुलाच कोणी पसंत करणार नाही." तू मिशीतल्या मिशीत हसायचास. लातूरच्या जोडप्याच्या बाजूनं मी किती बोलले! घर मोठं, गाडी आहे, डॉक्टर आहेत. ते परत गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सुटकेचा श्वास सोडला, हे मात्र मी बोलले नाही.

कारण तू दवाखान्यात गेलास की तिला जेवायला मी घालत होते. उंबऱ्याच्या आत. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी कान धरले. पण तशी मी अडकून पडायचे, तिकडे भाजी करपायची. मग माझ्या केसांचा काळा चाप काढून दोन्ही कान डोक्यावर घेऊन त्यात अडकवले. ती अशी दिसायला लागली की शाळेतल्या तिसरीच्या वर्गातली एखादी अंबाडा घातलेली पोर. मी एकटीच हसले. रोज तू यायच्या आत चाप काढून ठेवायचे. एकदा विसरले. संध्याकाळी तू माझ्या चहाच्या बशीत तो चाप ठेवलास, धुऊन, आणि वर्तमानपत्र उघडून बसलास. तू काही बोलला नाहीस. मीही नाही. आपण दोघं असेच रे. आबांचा वारसा.

मग श्रावणात सोजरबाई आली. कान बरे झालेत का बघायला, म्हणाली. तू वाडगा ठेवलास. पाव्हणी वाकायच्या आत त्या बाईचे हात तिच्या कानांखाली होते, पाणी ओंजळीत धरावं तसे. दसरा झाला की पोरं, सुना, नातवंडं सगळी तोडीला जातात, सहा महिने डोंगरावर मी आणि दोन शेळ्या, असं तिनं सांगितलं. तू तिला जीपपर्यंत सोडायला गेलास आणि परत आलास ते वेगळंच तोंड घेऊन, पाव्हणी हिलाच द्यावी म्हणत.

त्यानंतर महिनाभर मी तुझं डोकं खाल्लं. डोंगरात गोखरू आहेत, केस लांब, काटे अडकतील. गोचीड होतील. बिबट्या फिरतो. सोजरबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, कानात थेंब घालायला दिसणार कसं? सगळं खरं होतं, दादा, आणि सगळं खोटं होतं. तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास. केस कापून देऊ. थेंब चाचपून घालायला शिकवू. मग मी नवीन कारण काढायचे. त्या शेवटच्या संध्याकाळी तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "कुसे, लातूरला न्हाई, डोंगरात न्हाई. मग कुटं? तुला काय पायजे ते एकदा तोंडानं सांग की."

मी म्हटलं, "मला काय पाहिजे असणार? कुत्रं तुझं, घर तुझं."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मी भांडी घासायला उठले. घर तुझं. हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून तू उठलास आणि नळापाशीच बसलास, तो परत उठला नाहीस. मला आवाज आला तो बादली भरून वाहायचा. त्याआधी, तुला काही झालंय हे कळायच्या आधी, मी तुझा आदल्या संध्याकाळचा अर्धा चहा मोरीत ओतून कप विसळून टाकला होता. इतकी रागात होते मी.

परवा बाजाराच्या दिवशी सोजरबाई दारात उभी राहिली. हातात नवं दावं. जुन्या लुगड्याचे काठ फाडून वळलेलं, हिरवं आणि लाल, गाठी अगदी सारख्या. मी ते पाहिलं आणि समजले. नुसतं विचारायला येणारा माणूस दावं आणत नाही. तू शब्द दिला होतास. महिनाभर मी भांडत होते ते ठरून गेलेल्या गोष्टीसाठी भांडत होते. क्षणभर मला तुझा असा राग आला की तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे पाठ करून बसले.

ती खाली बसली. आधी तुझ्यासाठी रडली, मोठ्यानं, आपल्याकडे बायका रडतात तशी, तुझे एकेक गुण सांगत. मग डोळे पुसले. म्हणाली, "डाक्टर म्हनलेते, पोळा झाला की दावं घिऊन या. मी पोळ्यालाच वळून ठिवलंतं बाई. मंग ह्ये असं झालं."

मी म्हटलं, "दादानं शब्द दिला असेल तर न्या." माझा आवाज शाळेतला झाला होता, हजेरी घेतानाचा. "जेवण होऊ द्या तिचं."

वाडगा आणला. ठेवला. पाव्हणी वाकली. आणि दादा, मी ठरवलं होतं की हात लावायचा नाही, आता ती त्यांची. पण माझा हात गेला. डावा कान माझ्या हातात होता आणि उजवा तिच्या. आम्ही दोघी त्या कुत्रीच्या दोन बाजूंना वाकून बसलेल्या, आणि ती मधे निवांत चपचप खातेय. सोजरबाई माझ्याकडे बघायला लागली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बरंच दिसतं म्हणायचं.

"बाई," ती म्हणाली, "डाक्टर आजून एक बोललेते. सांगू का नगं असं व्हतंय मला. पर न्हाई सांगितलं तर माझ्या जिवाला लागंल."

"सांगा."

"म्हनले, सोजरबाई, आमची कुसुम जर आपल्या तोंडानं म्हनली, मला पायजे, तर तुमी राग मानू नका, तशाच परत जावा. न्हाई म्हनली तर खुशाल घिऊन जा. मी म्हनलं, आवो मंग तुमीच इचारा की त्यास्नी. तर म्हनले, मी इचारलं की ती न्हाईच म्हनती. लहानपनापासून तशीच हाय."

वाडगा रिकामा झाला होता. पाव्हणी तळ चाटत होती आणि वाडगा फरशीवर सरकत होता. आम्ही दोघींनी कान सोडले नव्हते.

मी म्हटलं, "तुम्ही सहा महिने एकट्या असता. तुम्हाला सोबत पाहिजे."

"माझं ऱ्हाऊ द्या."

"तुम्ही लांबून आलात, दोन जीपा बदलून."

"त्ये बी ऱ्हाऊ द्या. तुमास्नी काय पायजे?"

अगदी तुझा प्रश्न. तोंडात जीभ इतकी जड होते हे मला माहीत नव्हतं. तिसरीच्या पोरांना मी किती वेळा उभं करून म्हटलं असेल, बोल रे, तोंड उघड, कोणी खात नाही. मी तुझ्या फोटोकडे तोंड केलं. मग म्हटलं, "मला पाहिजे." बारीक आवाजात निघालं, म्हणून परत म्हटलं. "मला पाहिजे ती. पहिल्या दिवसापासून पाहिजे होती."

सोजरबाईनं पाव्हणीचा कान हळूच सोडला. तिला वाईट वाटलं, दादा. ते मी लपवणार नाही आणि स्वतःला समजावणारही नाही. तिनं दावं गुंडाळायला घेतलं, अर्धं गुंडाळलं, आणि परत सोडलं. मग पाव्हणीच्या गळ्यातलं तुझं सुती दावं काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये खुंटीला लावा. डाक्टरचं हाय." आणि स्वतः वळलेलं हिरवं-लाल दावं तिच्या गळ्यात बांधलं. दोनदा गाठ तपासली. मी म्हटलं, "अहो, हे तुमचं." तर म्हणाली, "बांदायला आणल्यालं दावं रिकामं माघारी कशापायी न्यावं? ज्याची व्हती त्याची झाली."

मी तिला भाकरी खायला लावली. दसऱ्यानंतर तिची पोरं तोडीला गेली की मी पाव्हणीला घेऊन डोंगरावर येईन, आठ-आठ दिवस राहीन, असं म्हटलं. हे मी दयेपोटी म्हटलं की अपराधीपणानं, मला ठरवता आलं नाही. तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. "या की. पर वाडगा तुमचा आना. माज्याकडं जर्मनची पसरट ताटली हाय, तिच्यात हिचे कान आजूनच बुडतेत." जीपपर्यंत सोडायला गेले. ती मोकळ्या हातानं चढली. जीप धारूरच्या वाटेला लागली तरी मी उभीच होते, आणि पाव्हणी माझ्या पायाशी बसून भज्यांच्या गाड्याकडे बघत होती.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमचा फोन आला. तिचा फोटो अजून तसाच आहे, विचारणा होतेय, काय लिहू? मी म्हटलं, घर मिळालं असं लिहा. त्यांनी विचारलं, कुठलं हो? मी म्हटलं, केजचंच. आमचं.

आमचं म्हटलं, दादा. तोंडातून गेलं तेव्हा मला कळलंही नाही, फोन ठेवल्यावर कळलं. मग मी उंबऱ्यावर बसले आणि तुझ्यासाठी रडले, सोजरबाईसारखी मोठ्यानं, तेरा दिवसांत जमलं नव्हतं तशी. तू जिवंत असताना मी हे बोलले असते तर तुला किती आनंद झाला असता, ते मला तुझ्या तोंडावर बघायचं होतं. बावीस वर्षं तू वाट बघितलीस आणि तुला ते ऐकू आलं नाही. याचं मला काही करता येणार नाही.

तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. घरच्या माणसानं ठेवायचं म्हणून आता ते माझ्याकडेच आलंय. पण पाव्हणी म्हटलं की ती शेपूट हलवते आणि मला तुझा आवाज येतो. राहू दे तेच. राहायला आलेलीलाही पाव्हणी म्हणता येतं.

आज सकाळी मी तिला अंगणात जेवायला घातलं, सगळ्या गल्लीसमोर. डोक्यातला चाप काढला आणि तिचे कान वर बांधले. समोरची पोरं फिदीफिदी हसली. मी म्हटलं, हसा. नळाला पाणी आलं होतं. तुझी बादली लावली आणि भरेपर्यंत तिथंच उभी राहिले.

तुझं दावं खुंटीला आहे. दादा, मागितलं रे मी.